मावशी, येऊ नको असं मी सांगितलं होतं

प्रिय जनामावशी,

तुला वाचता येत नव्हतं. वेरावळच्या बोटीवरून तुझ्या थोरल्याचं पत्र आलं की ते कमरेला खोचून तू थेट बास्केटबॉलच्या कोर्टावर यायचीस आणि सराव ऐन रंगात असताना माझ्यापुढे धरायचीस. "वाच रे मास्तर, काय बोलतो तो." मग मी तोंडातली शिट्टी काढून, पोरींना थांबवून, तुला पत्र वाचून दाखवायचो. आज मीच तुला पत्र लिहितोय आणि वाचून दाखवायला समोर तू नाहीस. तरी लिहितो. जे घडलं ते सांगायला बोईसर आणि सालवड मिळून मला दुसरं माणूस नाही.

आज रविवारचा सराव होता. तुला जाऊन दीड महिना झाला. या दीड महिन्यात तुझी सुगंधा, माझ्या टीमची कप्तान, एकही दिवस चुकलेली नाही. ती येते, बूट चढवते, नाड्या नीट बांधते आणि तू बसायचीस त्या पायरीवर जाऊन बसते. बॉलला हात लावत नाही. सराव संपला की बूट काढते आणि एसटी पकडून किनाऱ्यावरच्या नवापूरला जाते. पुढच्या आठवड्यात विभागाची निवड आहे. तिच्यासारखी खेळाडू मला पुन्हा मिळायची नाही, हे मी जाणतो. तिला मात्र माझ्या जाणण्याशी काही देणंघेणं नाही.

मी काय काय नाही केलं? समजावलं, रागावलो, दोन दिवस अबोला धरला. बाकीच्या पोरींना तिच्या घरी पाठवलं. आज शेवटी वैतागून तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "सुगंधा, तुझी आई तुला बघतेय. निदान तिच्यासाठी तरी खेळ."

तिनं वर बघितलं. म्हणाली, "सर, पालघरचा सामना बघायला मीच तिला येऊ नको बोलले होते. आये, तू वरडतेस ना, मला लाज वाटते, असं बोलले. मंग ती नाय आली. मंग ती गेलीच."

मावशी, उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुझी आई तू म्हणालीस म्हणून आली नाही असं नाही, बाळा. तू बोललीस त्याच दिवशी सकाळी मी बाजारात जाऊन तिला येऊ नको म्हणून सांगून आलो होतो. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? मी उठलो, शिट्टी वाजवली आणि बाकीच्या पोरींना मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या.

अशी माझी मर्दुमकी. पंधरा वर्षं पोरींना "घाबरू नका" म्हणून ओरडतोय मी.

तुझ्यावरही राग येतोय, खरं सांगतो. तू पोटात काही ठेवणारी बाई नव्हतीस. तराजूला हात लावणाऱ्या गिऱ्हाइकाला तू भर बाजारात सोलून काढायचीस. मग माझं बोलणंच तेवढं का पोटात ठेवलंस? त्याच दिवशी घरी जाऊन पोरीला सांगायचंस, "तुजा मास्तर मला असं असं बोलला." ती माझ्यावर चिडली असती, टीम सोडून गेली असती. चाललं असतं. आज ती स्वतःवर चिडून त्या पायरीवर बसली आहे आणि ते मला बघवत नाही.

आपली पहिली ओळख भांडणातूनच झाली. आठवतं का तुला?

मी कराडकडचा. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचो, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून लागलो, सालवडला खोली घेतली. हायस्कूलच्या मागे सिमेंटचं कोर्ट नुसतं पडून होतं. हेडमास्तरांना भेटून मुलींची टीम सुरू केली. पहिल्या पाळीला असलो की संध्याकाळी सराव, आणि रविवारी सकाळी सातला, काही झालं तरी. वेळेच्या बाबतीत मी फार कडक होतो. म्हणजे मला तसं वाटायचं.

बारा वर्षांनी सुगंधा आली, तेव्हा ती आठवीत होती. उंच, काटक, हाताची बोटं लांब. पण तिची एक खोड मला कळेना. एका रविवारी पावणेसातला हजर, पुढच्या रविवारी नऊ वाजता धापा टाकत. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा वेळेवर. मी म्हटलं, ही पोरगी मनात येईल तशी वागते. उशिरा आली की त्या दिवशी तिला बॉलला हात लावू द्यायचो नाही. कोर्टाच्या कडेला उभं करायचो. ती काही बोलायची नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मग पावसाळा आला. कोर्टावर पाणी, तरी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पास द्यायचो. आषाढ गेला, श्रावण अर्धा गेला, सुगंधा एकही रविवार चुकली नाही, एक मिनिट उशीर नाही. मी काय खूश! माझ्याकडे एक वही होती, तिच्यात थोरामोठ्यांची वचनं उतरवून ठेवलेली. मी ती मुलींना वाचून दाखवायचो. मला वाटलं, वहीचा परिणाम झाला. कारखान्यात दोघातिघांना मी हे अभिमानानं सांगितलंसुद्धा, की पोरांच्या मनाला हात घालता आला पाहिजे.

नारळी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्याच रविवारी सुगंधा नऊ वाजता आली. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "काही लोकांचा उत्साह पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो." आणि तालुक्याच्या संघातून तिचं नाव काढलं.

सोमवारी संध्याकाळी तू आलीस. डोक्यावर रिकामी पाटी, कमरेला खोचलेलं लुगडं, आणि आवाज असा की हायस्कूलच्या पोरी खिडक्यांत गोळा झाल्या.

"मास्तर कोन हाय हितला?"

मी पुढे झालो. म्हटलं, "तुम्ही सुगंधाच्या आई का? बसा."

"बसायला नाय आले. तुज्या घड्यालावर दर्या चालतो काय रे?"

मला काहीच कळेना. मग तू पाटी खाली ठेवलीस आणि पाच मिनिटांत मला जे शिकवलंस ते मला माझ्या कुठल्याच मास्तरांनी शिकवलं नव्हतं. होडी भरतीला किनाऱ्याला लागते. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. म्हणजे एका रविवारी भरती पहाटेची असली, तर पुढच्या रविवारी ती दुपारकडे जाते. पहाटेच्या भरतीला होडी लागली की मासळी निवडायची, धुवायची, बोंबील वाळायला वलांडीच्या बांबूंवर टांगायचे. "तिचा बाप होडीवर. पोरगा वेरावलला. घरात हात किती? माजे दोन, तिचे दोन. ते काम टाकून ती तुज्याकडं पलत येते. न खाता येते. आनि तू तिला उभी करून ठेवतोस?"

मी चाचरत म्हणालो, "पण पावसाळ्यात तर ती रोज वेळेवर..."

तू माझ्याकडे असं बघितलंस की अजून आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. "पावसाल्यात होड्या वर काडलेल्या असतात रे, येड्या."

झालं. माझ्या वहीचा सगळा परिणाम होड्या वर काढल्याचा होता! सुगंधाचं नाव मी परत घातलं. रविवारचा सराव एका रविवारी सातला आणि एका रविवारी साडेनऊला ठेवला. नवापूरच्या आणखी तीन पोरी त्यामुळे टीममध्ये आल्या. हेडमास्तर म्हणाले, "हे कसलं वेळापत्रक तुमचं?" मी म्हटलं, शास्त्रीय आहे. तुझं नाव तेव्हाही घेतलं नाही, बघ.

त्या दिवसापासून तू बाजार उरकला की कोर्टावर येऊन बसू लागलीस. सुगंधाला घेऊन एकाच एसटीनं जाता यावं म्हणून. शेजारी पालथी पाटी, तोंडात मिश्री. मी "तुम्ही" म्हटलं की तुला राग यायचा. "मला तुमी-बिमी नको. मी काय तुजी साएबीन हाय?" मग मी "तू" म्हणू लागलो आणि तिथंच माझं राज्य खालसा झालं.

कारण तू नुसती बसायची नाहीस ना! पास हातातून निसटला की पायरीवरून यायचं, "हाताला काय बोंबील बांधलेत?" कोणी पडून रडायला लागली की, "उठ, मायझये, जमीन काय तुज्या बापाची हाय?" मी मध्यंतराला वही काढायचो, दोन ओळी वाचतो न वाचतो तोच मागून तुझा आवाज. "मास्तर, पोरी भुकेल्या हायत. भाषन नको, चने दे." पोरी खी खी हसायच्या. मी वही मिटायचो. आणि हसून उठलेल्या त्या पोरी पुढच्या दहा मिनिटांत जे काही खेळायच्या, ते माझ्या वहीनं कधी खेळल्या नव्हत्या. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला जळफळाट व्हायचा.

बाजाराचं तर विचारूच नको.

आमच्या पोरी मुक्यानं खेळायच्या. जिच्या हातात बॉल तिला मागून कोणीतरी सांगायला हवं, मी इथे मोकळी आहे, मला दे. मी घसा फोडून सांगायचो, "बोला, एकमेकींशी बोला." नवापूरच्या पोरी घरी बोलघेवड्या, पण शाळेच्या आवारात त्यांना वाटायचं आपलं बोलणं ऐकून कारखान्याच्या कॉलनीतल्या पोरी हसतील. कॉलनीतल्या पोरींना घरून शिकवलेलं, मुलींनी हळू बोलावं. शैला तर कारखान्यातल्या हेडक्लार्कची मुलगी. ती "पास दे" असं म्हणायची की वर्गात पेन मागतेय असं वाटावं.

तू एक दिवस म्हणालीस, "दे माज्याकडं या पाच जनी, एक दिस." मला वाटलं थट्टा करतेस. पण तू खरंच त्यांना रविवारच्या बाजारात नेऊन बसवलंस. प्रत्येकीपुढे बोंबलांचे वाटे. नियम एकच. आपला माल विकल्याशिवाय उठायचं नाही. शैलाच्या घरी अंडंसुद्धा शिजत नव्हतं. ती नाकाला रुमाल लावून अर्धा तास बसली, तिच्या बाजूच्यांचे चार-चार वाटे गेले, हिचा एक नाही. मी लांब चहाच्या टपरीवर उभा राहून बघत होतो. तू तिच्याजवळ गेलीस, रुमाल काढून घेतलास आणि म्हणालीस, "आदी डोल्यात बग. मंग हाक मार. ज्याच्या डोल्यात बगितलं नाय, त्याला हाक लागत नाय."

आणि शैलानं हाक मारली. पहिली फाटली. दुसरी रस्त्याच्या पलीकडे गेली. एक बाई वळून आली आणि वाटा घेऊन गेली. त्या पोरीचा चेहरा, मावशी! पुढे तिनं जिल्ह्यात किती बास्केट टाकल्या असतील, पण तसा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टावर एवढा गलका झाला की हेडमास्तर छडी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं मारामारी चाललीय. पोरी आधी नजर द्यायच्या, मग हाक, मग पास. त्या वर्षी आम्ही तालुका जिंकलो.

आता ऐक, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर ठाण्याला प्रशिक्षकांचं शिबिर होतं. तिथे मी फळ्यावर खडूनं आकृती काढली, आधी नजर, मग हाक, मग पास, आणि तिला "हाकेचा सराव" असं भारदस्त नाव दिलं. लोकांनी उतरवून घेतलं. एकानं विचारलं, हे कुठून सुचलं? मी म्हणालो, "अनुभवातून." कोणाच्या अनुभवातून, ते नाही म्हणालो. पाच मिनिटांत पाच वेळा तुझं नाव घ्यायची संधी होती. मी खडू झटकत उभा राहिलो.

परत आल्यावर तू विचारलंस, "काय शिकून आलास रे?" मी म्हटलं, "विशेष काही नाही."

या सगळ्यामुळेच पालघरची वेळ आली.

जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात सुगंधा पडली, गुडघा फुटला. तू पाटी टाकून सरळ कोर्टात घुसलीस आणि जिनं ढकललं तिचा उद्धार केलास. पंचांनी खेळ थांबवला. मी तुला हाताला धरून बाहेर नेलं. सामना आम्ही जिंकलो. पण संपल्यावर निवड समितीतले एक गृहस्थ माझ्याजवळ आले. चष्मा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी हसत विचारलं, "काय हो, टीम तुमची आहे की त्या बाईंची?"

मला म्हणता आलं असतं, दोघांची. आज ते किती सोपं वाटतं! तेव्हा ते वाक्य कुसळासारखं आत गेलं आणि राहिलं. त्याच गृहस्थांनी वर सूचित केलं होतं की राज्याच्या संघाबरोबर दुसरा प्रशिक्षक म्हणून माझा विचार चाललाय. मी स्वतःची समजूत घातली की नियम आहेत, शिस्त आहे, मोठे लोक येणार आहेत. तसलं काही नव्हतं. मला माझी टीम माझ्या एकट्याची दिसायला हवी होती. बास.

पालघरच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी बाजारात आलो. तू मासळीवर ओलं गोणपाट टाकत होतीस. मी म्हणालो, "मावशी, उद्या तू आली नाहीस तर बरं होईल."

"का रे? मी काय चावनार हाय त्यांना?"

"तसं नाही. पोरींचं लक्ष जातं." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मला त्या बघण्याखालून सुटायचं होतं. म्हणून म्हणालो, "सुगंधालाही जरा मोकळं वाटेल."

तुझा हात थांबला. "सुगंदी बोलली तुला असं?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. म्हणालो, "तू समजदार आहेस, मावशी."

मला तिनं काहीही सांगितलेलं नव्हतं. एक अक्षर नाही. माझी लाज मी तिच्या नावावर खपवली.

तू म्हणालीस, "बरं." एवढंच. आणि नेहमीसारखा बोंबलांचा एक वाटा माझ्या पिशवीत टाकलास. मी तो घरी नेला आणि तळून खाल्लासुद्धा. इतका मी कोडगा.

रविवारी पालघरला आम्ही मध्यंतरापर्यंत पुढे होतो. नंतर पोरी हळूहळू गप्प झाल्या. एकीचा आवाज बसला, मग दुसरीचा. सुगंधा बॉल हातात आला की एकदा कडेच्या गर्दीकडे बघायची आणि मग पास द्यायची. तेवढ्या वेळात समोरची पुढे यायची. मी विश्रांती मागून घेतली, त्यांना गोळा केलं, वही काढली. पोरी माझ्याकडे बघत होत्या आणि मी काय वाचत होतो ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. तीन गुणांनी हरलो. चष्मेवाले गृहस्थ न भेटताच गेले. ते राज्याच्या संघाचंही तिथंच मिटलं. ते मिटलं त्याचं मला काही नाही. म्हणजे आता काही नाही.

मला वाटलं, सोमवारी तू येशील आणि मला फैलावर घेशील. मी वाट बघत होतो, खरंच. तू आलीच नाहीस. सुगंधा म्हणाली, आये एसटी स्टँडवर बसते हल्ली, मी तिकडंच जाते. कोर्टापासून स्टँड पाच मिनिटांवर. तीन आठवडे तू तिथं बसलीस. एकदा मी सायकलवरून जाताना तुला पाहिलं. पाटी मांडीवर घेऊन बसली होतीस, गर्दीकडे तोंड करून. मी ब्रेक लावायला हवा होता. मी पेट्रोलपंपाकडून वळून लांबच्या रस्त्यानं गेलो. म्हटलं, दोन दिवसांनी राग शांत झाला की बोलू.

त्याच स्टँडवर तुझ्या छातीत कळ आली. लोकांनी उचललं, रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तू राहिली नाहीस. मी तेव्हा दुसऱ्या पाळीला कामावर होतो. निरोप आला आणि मी पाना हातात तसाच धरून कितीतरी वेळ उभा होतो, असं बरोबरचा बिहारी सोबती सांगतो. तो मला हलवून विचारत होता, "कौन थी आपकी?" त्याला मी काय सांगायचं होतं?

आता आज सकाळी सुगंधा जे पुढे बोलली ते ऐक. वर ते मी लिहायचं टाळलं.

शनिवारी संध्याकाळी एसटीत ती तुला म्हणाली, उद्या येऊ नको. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मला कुटं यायला मिलतंय? उद्या सकाली होडी लागनार हाय." आणि सुगंधा मला म्हणाली, "सर, त्या ऐतवारची भरती दुपारची होती. सकाली कुटली होडी? मला काय कलत नाय? माज्यासाटी ती खोटं बोलली. तिला लागलं होतं, तरी मला लागू नये म्हनून खोटं बोलली."

दीड महिना ती पोरगी हे घेऊन त्या पायरीवर बसली आहे. आणि तिला हे ठाऊक नाही की ती बोलली त्याच्या कितीतरी आधी, सकाळीच, मी तिच्या नावानं तुला तेच सांगून गेलो होतो. तू एसटीत बसलीस तेव्हाच तुझं न येणं ठरलेलं होतं. ते खोटं तू तिला वाचवायला बोललीस, हे खरं. पण त्याच खोट्यात तू मलाही वाचवलंस. का गं? मी त्या लायकीचा होतो?

सोळा वर्षांची पोर आईला म्हणते, मला लाज वाटते, येऊ नको. कोण म्हणत नाही? मीही माझ्या बापाला म्हणालो होतो कॉलेजच्या गेटवर. दोन दिवसांनी ते विरून जातं, आई आणि पोर पुन्हा भांडून मोकळ्या होतात. तुम्हा दोघींना ते दोन दिवस मिळायला हवे होते. पण तू ते तिचं बोलणं दुसऱ्यांदा ऐकलंस. पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलंस, आणि म्हणून ते तुला पोरीचं चिडणं न वाटता पक्कं ठरवलेलं वाटलं. माझा गुन्हा एवढा आहे, मावशी, आणि तो लहान नाही.

दुपारभर मी स्वतःशी वाद घालतोय. एक मन म्हणतं, निवड होऊ दे, मग सांग. आता सांगितलंस तर ती टीमच सोडेल. दुसरं मन म्हणतं, बघ, अजूनही तुला टीमचीच पडली आहे. पंधरा वर्षं मी पोरींना हिंमत द्यायच्या गोष्टी केल्या आणि माझ्याजवळ द्यायला ही एकच खरी गोष्ट आहे. तीच मी दाबून ठेवलीय.

उद्यावर टाकलं तर उद्या मला काहीतरी कारण सापडेल. मी स्वतःला आता ओळखतो. म्हणून आजच जातो. साडेपाचची नवापूरची एसटी आहे. सदरा बदललाय, चपला घातल्यात, हे पत्र लिहून झालं की निघतो.

तुला वचन देतो ते एवढंच. तुझ्या घराच्या ओट्यावर बसून तिला सगळं सांगेन. बाजारात काय म्हणालो ते, तिचं नाव कसं वापरलं ते, स्टँडवर तुला पाहून वळलो ते. शिबिरात तुझं नाव गिळलं तेही. काही गाळणार नाही, काही गोड करणार नाही. ती ओरडली तर ऐकून घेईन. तिनं दार लावलं तर बाहेर उभा राहीन. तिनं शाळेत, गावात, कुठंही सांगितलं तरी मान वर करणार नाही. तिला कोणावर तरी रागवायचं आहे, तर तो राग माझ्या वाट्याचा आहे. तो तिच्याकडून काढून घ्यायला मी येतोय.

आणि मावशी, सगळं सांगून झाल्यावर "आता तरी खेळ" असं मी तिला म्हणणार नाही.

तुझा अपराधी,
मास्तर